मागचा जास्त ओढते

मेडशीच्या मारोतराव पाटलांनी अकोल्याहून मोटार विकत आणली आणि पातूरचा घाट तिला दोन बैलजोड्यांनी चढवला. ही गोष्ट कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही, कारण गावात शिरताना सगळ्यांनी ती पाहिलीच. पुढं बैल, मागं लांब नाकाची, कापडी छप्पर मागं दुमडलेली, सायकलीसारख्या तारांच्या चाकांची हिरवी विलायती गाडी, आणि तिच्यात चाक धरून बसलेले मारोतराव. त्यांचा पांढरा फेटा धुळीनं मातकट झाला होता. ते कुणाकडेच बघत नव्हते.

सन त्रेपन्नचा हिवाळा होता. कापसाची वेचणी चालू होती, सगळी माणसं शेतात असायची वेळ, तरी वेशीपासून घरापर्यंत गर्दी झाली. मारोतरावांची बायको सोजरबाई ताट घेऊन दारात आली. तिनं एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि आधी बैलांना ओवाळलं.

मारोतराव पन्नाशी ओलांडलेले, घरचे बरे, बोलायला कमी. लढाई सुरू व्हायच्या वर्षी ते सरकी विकायला अकोल्याला गेले होते. तिथं एका इंग्रज कापूसवाल्याला त्यांनी या गाडीतून जाताना पाहिलं. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि मारोतराव रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले. तेव्हापासून चौदा वर्षं ती गाडी त्यांच्या मनात होती, आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. इंग्रज देश सोडून गेला. गाडी एका गोदामात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून राहिली. ती विकायची आहे हे कळल्यावर मारोतराव दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेले. चालवायला ते तिथंच शिकले. सपाटीला गाडी कशीबशी धावली. घाटाच्या पहिल्या वळणावर ती खोकली, काळा धूर सोडला, बंदुकीसारखा बार काढला आणि थांबली.

"रतनसिंगले बोलवा," घरात पाऊल टाकण्याआधी मारोतराव म्हणाले.

रतनसिंग मिस्त्री गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात राहायचा. लढाईच्या दिवसांत तो फौजेत भरती झाला आणि आसामात लष्कराचे ट्रक दुरुस्त करत चार वर्षं काढून परत आला. आता आसपासच्या गावांतली तेलावरची इंजिनं आणि जगदेवची पिठाची चक्की त्याच्या हातात होती. वय बेचाळीस, बोटं जाड, पण पेच फिरवताना सोनारासारखी हलकी.

त्यानं गाडीचं बोनेट उघडलं आणि तो खुदकन हसला.

"पाटील, हिले दोन कार्बोरेटर हायेत."

"मंग? ते वाईट का चांगलं?"

"चांगलं. पन दोघं एका दमानं चालले तरच." रतनसिंगनं अंगणात रवंथ करणाऱ्या जोडीकडे बोट दाखवलं. "कार्बोरेटर म्हंजे पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाले देनारा डबा. हे दोघं एकाच इंजिनाले देतात. एकानं जास्त हवा ओढली अन् दुसऱ्यानं कमी, तं एक बैल पयते अन् दुसरा जू टाकते. कोनीतरी हिचे सगळे पेच मनाले येईन तसे फिरवून ठेवले."

"तुले जमन?"

"जमन," रतनसिंग म्हणाला.

पण हे म्हणताना त्याची त्यालाच खात्री नव्हती. त्याचं कारण गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आसामात एकदा त्याच्या वर्कशॉपजवळ बॉम्ब पडला होता. डावा कान तेव्हाच गेला. उजवा शाबूत होता म्हणून त्यानं ती गोष्ट मनावर घेतली नाही. पण गेल्या दोन वर्षांत उजवाही विरत चालला होता. आधी सकाळची पाखरं गेली. मग बायकोच्या हातातल्या चुड्याचा आवाज गेला. मग मागून मारलेली हाक. माणूस समोर असला की ओठांवरून तो समजून घ्यायचा, नाहीतर हसून मान हलवायचा. इंजिनाचं काम त्यानं वेगळ्या तऱ्हेनं सांभाळलं होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. कुठं ठोका पडतोय, कुठलं बेअरिंग खिळखिळं झालंय, ते हाडातून नीट कळायचं. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

पण कार्बोरेटरची हवा ठोके देत नाही. ती नुसती सुसावते. फौजेत त्यांना शिकवलं होतं की रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आधी एकाचा सुसाटा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही सारखे होईस्तोवर पेच फिरवायचे. सुसाटा हाडातून येत नाही. त्याला कानच लागतो.

पहिले दोन दिवस छान गेले. रतनसिंगनं दोन्ही कार्बोरेटर खोलले, रॉकेलमध्ये धुतले, आतले पितळी दट्टे चिंधीनं पुसून चकचकीत केले. काजळीनं काळे झालेले प्लग घासले. मारोतराव सारखे येऊन बघत, कार्बोरेटरमधली एखादी सुई उचलून उजेडाकडे धरत आणि परत जागच्या जागी ठेवत. तिसऱ्या दिवशी सगळं जोडून त्यानं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. त्यानं नळी उजव्या कानात घातली, दुसरं टोक पुढच्या कार्बोरेटरशी नेलं, मग मागच्या.

काहीच नाही.

नळीत काही अडकलं असेल म्हणून त्यानं ती तोंडानं फुंकून पाहिली. नळी मोकळी होती. मग त्यानं अंदाजानं पेच फिरवले आणि मान वर करून म्हणाला, "झालं पाटील. आवाज बरोबर हाये."

मारोतराव नाल्यापर्यंत गेले. नाल्यातून चार गड्यांनी गाडी ढकलत आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेच फिरले, पुन्हा "आवाज बरोबर हाये," आणि पुन्हा नाला. त्याच्या पुढच्या दिवशी गाडी नाल्यापर्यंतही गेली नाही. चक्कीवर पीठ दळायला आलेली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. जगदेव चक्कीवाला मोठ्यानं म्हणाला, "पाटील, बैल इकू नका बरं!"

 घरी आल्यावर मारोतराव रतनसिंगला म्हणाले, "उद्या मालेगावचा बाजार करून येतो. तंवर नाई झालं तं अकोल्याचा मिस्तरी बोलावतो. तुह्यावर राग नाई. पन मले ही गाडी पायजे."

याच घरात मारोतरावांची धाकटी बहीण रंगूबाई राहायची. अडतीस वर्षांची. नवरा वारल्यावर भावानं तिला माहेरी आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. घरात तिला कुणी उणं बोललं नव्हतं. पण काही विचारतही नव्हतं. दूध तापवणं, तुरी निवडणं, गड्यांची भाकर, आणि उरलेला वेळ मागच्या पडवीत. गाडी उभी होती ती त्याच पडवीसमोरच्या अंगणात. तीन दिवस ते इंजिन सुरू होत होतं आणि बंद पडत होतं, आणि तिन्ही दिवस रंगूबाई ते ऐकत होती.

त्या दुपारी ती चहा घेऊन आली. रतनसिंग पाठमोरा बसला होता, इंजिन बंद होतं.

"मिस्तरी, चहा."

तो हलला नाही.

"रतनसिंगभाऊ, चहा ठेवला."

तरीही नाही. तिसऱ्यांदा ती जरा मोठ्यानं बोलली. अंगणातली कोंबडी दचकून पळाली, रतनसिंग मात्र प्लगवरची काजळी खरवडत राहिला. रंगूबाई फिरून त्याच्या समोर आली. तेव्हा तो हसला, मान हलवली आणि कप घेतला.

ती गेली नाही. पदर सावरून उभी राहिली. मग ओठ नीट हलवत, हळू म्हणाली, "तुमाले आयकू येत नाई ना?"

 रतनसिंगनं आधी पडवीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"बाई, कोनाले सांगू नका. माह्या घरी चार खानारे हायेत. बहिऱ्या मिस्तरीले कोन इंजिन देते?"

"मी काहाले सांगू." रंगूबाई गाडीकडे बघत म्हणाली. "पन एक सांगतो तुमाले. या दोन डब्यातला मागचा जास्त ओढते. पह्यल्या दिवशीपासून. तुमी काल त्याले अजून मोठा केला."

रतनसिंगनं कप खाली ठेवला.

"तुमाले इथून आयकू आलं? पडवीतून?"

"दोन चुली पेटवल्या अन् एकीत वारा जास्त गेला, तं समजत नाई का? तसंच हाये ते."

 तो उठला, नळी पुसली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. देवापुढं नारळ धरावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव छकड्यातून मालेगावला गेले. छकडं वेशीबाहेर पडलं न पडलं तोच रंगूबाई अंगणात लाकडी पाट टाकून गाडीशी बसली. डोक्यावर पदर, पदराच्या आत नळी.

रतनसिंगनं हँडल मारलं. इंजिन खोकत खोकत सुरू झालं. त्यानं दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचा नट सैल केला, म्हणजे आता प्रत्येकाला वेगळं फिरवता येणार होतं. मग तिला खुणेनं सांगितलं. आधी पुढचा. मग मागचा.

रंगूबाईनं ऐकलं. मागच्यासाठी मुठीतून अंगठा वर केला, म्हणजे जास्त. रतनसिंगनं पेच थोडा मागं घेतला. अजून अंगठा वर. अजून थोडा मागं. आता तिनं अंगठा खाली केला, कमी झाला. केसाएवढा पुढं. ती डोळे मिटून नळी इकडून तिकडं नेत होती, तिकडून इकडं आणत होती. एकदा तिनं हाताचा तळवा आडवा धरला आणि तसाच ठेवला.

सारखे.

रतनसिंगनं मडगार्डवर हात ठेवला. गेले तीन दिवस ते पत्र्याचं मडगार्ड थंडी वाजल्यासारखं कापत होतं. आता त्याच्या तळव्याखाली ते एकसारखं धडधडत होतं.

"हे मले समजते!" तो ओरडलाच. बहिरी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठ्यानं. रंगूबाईनं हसून तोंडावर बोट ठेवलं.

आता दुसरं काम होतं, प्रत्येकात पेट्रोल किती जातंय ते बघायचं. त्याची युक्ती रतनसिंगनं तिला हातवारे करून समजावली. तो एका कार्बोरेटरमधला दट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं किंचित उचलणार. इंजिन पळत सुटलं तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी, आणि जरासं चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. इथं त्याचा तळवा आणि तिचा कान दोन्ही कामाला आले. तो मडगार्डवरून सांगायचा, ती आवाजावरून, आणि दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा तो म्हणाला, जमलं. ती म्हणाली, नाही. तो हट्टानं म्हणाला, जमलं. तिनं नुसती मान हलवली. त्यानं प्लग काढून बघितला. अजून काळा होता, म्हणजे पेट्रोल जास्तच जात होतं. "बाई, तुमचं खरं," म्हणत त्यानं पाना पुन्हा उचलला.

ऊन वर आलं तेव्हा सोजरबाई पडवीत आली आणि जागीच थबकली. विधवा नणंद अंगणात, तांड्यातल्या मिस्त्रीपासून हातभर अंतरावर, आणि तिच्या कानात नळी.

"रंगूबाई! काय करून राह्यल्या तुमी? लोक काय म्हनतीन?"

"वैनी, याले आयकू येत नाई. मी आयकून राह्यली."

सोजरबाईनं रतनसिंगकडे पाहिलं. रतनसिंग मान खाली घालून उभा राहिला. पाना त्याच्या हातातच होता. सोजरबाई आत गेली. थोड्या वेळानं ती सुपात तुरी घेऊन बाहेर आली आणि समोरच्या दाराच्या उंबऱ्यावर बैठक मारून निवडत बसली. दुपारपर्यंत तीन माणसं पाटलांना भेटायला आली. तिघांनाही तिनं उंबऱ्यावरूनच परत लावलं.

मागच्या दाराचा मात्र तिला विसर पडला. बाजार लवकर आटोपून मारोतराव वाटेत शेतावर उतरले, आणि शेतातून चालत मागच्या दारानं आत आले.

त्यांनी आधी पाहिलं ते आपल्या बहिणीला. मग नळी. मग रतनसिंग. सगळं समजायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"तीन दिवस तू मले सांगत होता आवाज बरोबर हाये," ते रतनसिंगच्या समोर येऊन म्हणाले. "तुले आवाज आलाच नव्हता?"

रतनसिंगनं त्यांचे ओठ वाचले.

"नाई पाटील. मले नव्हता आला."

"अन् नाल्यात मी गाडी ढकलत होतो. सारं गाव हासत होतं."

"हो पाटील."

"काहून नाई सांगितलं?"

 रतनसिंग खाली बसून आपली हत्यारं गोणपाटात भरायला लागला. पाने, चिमटा, रॉकेलची चिंधी. इंजिन अजून चालूच होतं.

"दादा," रंगूबाई म्हणाली. ती पाटावरून उठली नव्हती. "भांडन मंग कर. इंजिन गरम हाये तंवर दांडीचा नट आवळायचा हाये. थंड झालं तं सारं पह्यल्यापासून करा लागन."

अकरा वर्षांत ती भावाशी एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. मारोतराव तिच्याकडे वळले.

"तू करून राह्यली हे?"

"हात त्याचे. मी नुसती आयकतो. पाय, तूच आयक." तिनं पदरातून नळी काढून त्यांच्यापुढं केली.

मारोतरावांनी फेटा थोडा वर सारला, नळी कानात घातली, वाकून आधी पुढच्याशी धरली, मग मागच्याशी. बराच वेळ ऐकलं.

"दोन्ही सारखेच तं हायेत."

"आता हायेत," रंगूबाई म्हणाली.

मारोतरावांनी नळी तिला परत दिली. मग रतनसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं वर पाहावं म्हणून. "आवळ तो नट," ते म्हणाले. "अन् गोनपाट मांडून ठेव. कामं राह्यली अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाची परीक्षा ठरली. मेडशीहून पातूरकडे उतार आहे. उतरून जायचं आणि तोच घाट चढून परत यायचं, बैलांशिवाय. गाडीत जागा दोन. मारोतराव चाकाशी बसले. रतनसिंग मागं, घडी घातलेल्या छपरावर, सीटची पाठ धरून. मारोतरावांनी शेजारची जागा हातानं झटकली आणि पडवीकडे पाहिलं.

"बस."

"मी?" रंगूबाईनं मागं वळून पाहिलं, जणू तिच्या मागं दुसरं कुणी असेल.

"मंग कोन आयकन? मी चाक धरू का कान लावू?"

सोजरबाई आतून घोंगडीवजा जाड शाल घेऊन आली आणि नणंदेच्या डोक्यावरून घट्ट गुंडाळली. मग काहीतरी आठवून ती पुन्हा सोडली आणि दोन्ही कान मोकळे ठेवून बांधली. "थंडी लागन," ती म्हणाली, "पन विलाज नाई."

चक्कीसमोरून गाडी गेली तेव्हा जगदेव दारात होता. काय म्हणावं हे त्याला वेळेवर सुचलं नाही.

उतार सहज गेला. पातूरला ते क्षणभरच थांबले आणि वळले. घाट सुरू झाला. पहिलं वळण, जिथं गाडीनं त्या दिवशी मान टाकली होती, ते मागं पडलं. मारोतरावांचे दात घट्ट आवळलेले होते. दुसरं वळण. सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून उडत होती. तिसऱ्याच्या अलीकडे रंगूबाईनं हात वर केला.

"थांब दादा. मागचा पुन्हा जास्त ओढते."

"मले तं काई समजलं नाई."

"थांब म्हनतो ना!"

मारोतरावांनी गाडी कडेला घेतली. रतनसिंगनं तिच्या अंगठ्याची खूण पाहिली, उडी मारून बोनेट उघडलं आणि दांडीला हात लावला. नट हादऱ्यांनी सैल झाला होता. चढाला आणखी थोडं पुढं गेले असते तर दांडी पूर्ण सुटली असती. त्यानं धोतराच्या सोग्यानं हात झाकून गरम नट पकडला. रंगूबाई खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, नळी लावली. अंगठा वर. अंगठा वर. तळवा आडवा. नट आवळला. मारोतराव आपल्याच गाडीशेजारी पाहुण्यासारखे उभे होते. समोरून एक कडब्याची गाडी आली. गाडीवान तोंड उघडं ठेवून बघत गेला.

त्यानंतर गाडी थांबली नाही. शेवटच्या चढाला मारोतरावांनी पाय दाबला तसा इंजिनाचा सूर वाकला आणि पुन्हा सरळ झाला. ती माथ्यावर आली. पुढं सपाट माळ, तुरीची पिवळी शेतं, आणि सकाळचं ऊन. वाऱ्यानं रंगूबाईची शाल मागं गेली होती, केस सुटले होते, आणि ती हसत होती. आवाज न करता नव्हे, चांगली खळखळून. मारोतरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घाईनं रस्त्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. वाऱ्यानं, असं त्यांनी घरी सांगितलं.

त्या संध्याकाळी रतनसिंगनं तांड्यात आपल्या बायकोला, ललिताबाईला, समोर बसवलं. घरी ते आपल्या बोलीत बोलत. कसं सांगावं याची जुळवाजुळव तो वाटभर करत आला होता. त्यानं सांगितलं की उजवा कानही चालला आहे, आणि आता ते पाटलांना कळलंय, म्हणजे गावाला कळेल. ललिताबाई भाकर थापत होती. ती थांबली नाही. मला दोन वर्षांपासून माहीत आहे, ती म्हणाली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग भाकर तव्यावर टाकून ती त्याच्या समोर येऊन बसली, त्याला ओठ दिसतील अशी, आणि दोन वर्षांत त्यानं नुसती मान हलवलेल्या सगळ्या गोष्टी एकेक करून पुन्हा सांगायला लागली. धाकट्या मुलीनं त्याला काय विचारलं होतं, तेही.

गावाला कळलंच. जगदेवनं चक्कीचं काम मालेगावच्या मिस्त्रीला दिलं. आणखी दोन ठिकाणचं इंजिनाचं काम हातचं गेलं. ते पुन्हा कधी आलं नाही. रतनसिंगला त्या उन्हाळ्यात दोन महिने रस्त्याची खडी फोडायला जावं लागलं. पण तो आता कुठंही गेला की आधीच सांगायचा, "मले कमी आयकू येते, समोर येऊन बोला," आणि हे सांगून टाकल्यानं त्याच्या मानेवरचं काहीतरी उतरलं होतं. मारोतरावांनी आपल्या शेतावरची दोन्ही इंजिनं त्याच्याकडेच ठेवली. कुणी विचारलं तर ते म्हणत, "हात त्याचे पाहा. कानाचं आमी घरचं भागवतो."

गाडीला दर महिन्याला जुळवावं लागे. जुन्या गाड्यांचं तसंच असतं. त्या दिवशी अंगणात पाट टाकला जाई, आणि सोजरबाई आता उंबऱ्यावर बसत नसे. ती जवळ येऊन उभी राहायची आणि मधूनच म्हणायची, "मले तं पुढचा जास्त वाटते." ते नेहमी चुकीचं असायचं.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी दारात एक जुनी लष्करी जीप येऊन उभी राहिली. तिचा मालक फुलचंद, वाशीमकडचा, लाकडाचा व्यापारी. मारोतराव ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांना वाटलं आपल्याकडे काम असेल. फुलचंद नमस्कार करून म्हणाला, "रंगूबाई हायेत का घरी? जीप झटके देते. रतनसिंग मिस्तरी म्हनला, पह्यले बाईले आयकवा."

मारोतरावांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आत हाक मारली.

रंगूबाई हात पुसत बाहेर आली. रतनसिंग जीपमागून पुढं आला आणि बोनेट उघडलं. तिनं वाकून आत पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि त्याच्या समोर येऊन सावकाश म्हणाली, "याले तं एकच हाये. मी कायच्याशी जुळवू?"

रतनसिंग मोठ्यानं हसला. "जुळवू नका बाई. नुसतं आयका."

त्यानं हँडल मारलं. रंगूबाईनं पदर कानामागं सारला आणि डोळे मिटले.